फुफ्फुसातील बुरशी आणि रक्तातील पहारेकरी

सन २०२१ च्या उन्हाळ्यात 'काळी बुरशी' हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचला. कोरोनातून उठलेला माणूस घरी यावा, आठ-पंधरा दिवसांत त्याचा गाल दुखू लागावा, डोळा सुजावा आणि पुन्हा दवाखान्याची वाट धरावी लागावी, अशा हकिकती त्या दिवसांत रोज कानावर येत. कित्येक घरांत रुग्णाचे ताट-तांब्या वेगळे ठेवले गेले. ही बुरशी एकाची दुसऱ्याला लागते, फ्रीजमधल्या काळ्या पडलेल्या कांद्यातून येते, असे नाना तर्क निघाले. ती लाट ओसरली. गैरसमज मात्र पुरते ओसरले नाहीत.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने, श्वासावाटे फुफ्फुसात जाणारी बुरशी कशी वाढते आणि आपल्या रक्तात फिरणाऱ्या पेशी तिला कशा अडवतात, हा विषय समाजबांधवांपुढे व विद्यार्थी मित्रांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही पेशाने बँकेतील कारकून, शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर. तेव्हा औषध सांगण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु हा विषय कळण्यासाठी डॉक्टरच व्हावे लागते असे नाही. रक्ततपासणीचा साधा कागद वाचता आला, तरी निम्मे काम होते.

बीजाणू सर्वांच्याच श्वासात

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बुरशी बाहेरून कोणीतरी 'आणावी' लागत नाही. ती आपल्या भोवती सदैव असते. शिळ्या भाकरीवर चढणारा बुरा, भिजलेल्या कडब्याच्या गंजीतला काळपटपणा, सोयाबीनच्या कुटारातून उठणारी धूळ, उकिरड्यातले कुजलेले शेणखत, ओलीला लागलेले धान्याचे पोते, ही सर्व बुरशीची घरे आहेत. आपला जालना जिल्हा कापूस, सोयाबीन, ज्वारी आणि मोसंबीचा. मोंढ्यात पोती पालथी होतात, जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, मळणीयंत्रापुढे भुशाचा ढग उठतो. या धुळीत बुरशीचे बीजाणू असतातच. गावात राहणाऱ्याच्याही श्वासातून रोज शेकडो बीजाणू आत जातात. कुटार उपसणाऱ्याच्या किंवा उकिरडा फोडणाऱ्याच्या बाबतीत ही संख्या कितीतरी अधिक असते.

फुफ्फुसाच्या दृष्टीने यातील सर्वांत महत्त्वाची बुरशी म्हणजे ॲस्परजिलस. इटलीतील धर्मगुरू व वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर अँतोनिओ मिकेली यांनी १७२९ साली तिला हे नाव दिले. चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडण्याचे जे साधन असते, त्याच्यासारखा तिचा आकार त्यांना दिसला. तिचा बीजाणू अवघा दोन-तीन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश भागाएवढा. नाकातील केस आणि घशातील चिकटा मोठी धूळ अडवतात. परंतु एवढा बारीक कण थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत, वायुकोशापर्यंत जाऊन पोचतो.

धान्याच्या धुळीशी या रोगाचे नाते जुने आहे. १८९० च्या सुमारास पॅरिसमध्ये कबुतरे पुष्ट करून विकणारे मजूर होते. ते दाणे तोंडात घेऊन स्वतःच्या तोंडाने कबुतरांच्या चोचीत भरवीत. त्यांच्यात क्षयासारखा दिसणारा एक आजार आढळला. फ्रेंच डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा त्याचे मूळ ॲस्परजिलसमध्ये निघाले.

आता प्रश्न असा की, बीजाणू जर सर्वांच्याच श्वासात जातो, तर आजारी मोजकेच का पडतात? एकाच गंजीवर काम करणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जणांना काहीच होत नाही, ते का? याचे उत्तर बुरशीत शोधून फारसे हाती लागत नाही. ते बहुतांशी आपल्या रक्तात आहे.

पहिला पहारा आणि मागून येणारी कुमक

वायुकोशात मुक्कामी राहणाऱ्या काही पेशी असतात. त्यांना महाभक्षक पेशी म्हणतात. त्या तेथेच असतात, फिरत नाहीत. आत आलेला बीजाणू गिळणे आणि पचविणे हे त्यांचे काम. निरोगी माणसात बहुतेक बीजाणूंचा निकाल येथेच लागतो.

परंतु बीजाणूही वस्ताद असतो. कोरडा असताना त्याच्या अंगावर प्रथिनांचे एक पातळ आवरण असते. त्या आवरणामुळे शरीराला तो 'शत्रू' म्हणून ओळखू येत नाही. फुफ्फुसातल्या ऊब आणि ओलीत तो फुगू लागला, की आवरण सुटते आणि आतील भिंतीतील ग्लुकन नावाची साखर उघडी पडते. ती ओळखणारी खूण आपल्या पेशींवर असते. ओळख पटताच महाभक्षक पेशी रासायनिक संदेश सोडतात आणि रक्तातून कुमक मागवतात. ही कुमक म्हणजेच रक्तात फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी.

वेळेवर कुमक आली नाही, तर बीजाणूला अंकुर फुटतो आणि त्याचे लांब तंतू बनतात. बीजाणू गिळता येतो. तंतू एका पेशीच्या तोंडात मावत नाही. तेथे लढाईची रीतच बदलते.

रक्ततपासणीचा कागद

ताप आला की डॉक्टर सी.बी.सी. करावयास सांगतात. तो कागद बहुधा आपण घडी करून पिशवीत ठेवतो. विद्यार्थी मित्रांनी तो एकदा उघडून पाहावा. त्यात एकूण पांढऱ्या पेशींची संख्या असते, साधारणपणे एका घन मिलिमीटर रक्तात ४,००० ते ११,०००. त्याखाली त्यांची टक्केवारीने फोड दिलेली असते. आपल्या विषयापुरते त्यातील चार प्रकार असे :

१) न्यूट्रोफिल. ही सर्वांत मोठी फौज. शंभरात साधारण चाळीस ते पंचाहत्तर. हाडातील मज्जेत रोज सुमारे दहा हजार कोटी इतक्या नव्या न्यूट्रोफिल तयार होतात. त्यांचे आयुष्य काही तासांपासून फार तर काही दिवसांचे. संदेश मिळताच त्या रक्तवाहिनीच्या भिंतीतून वाट काढून काही तासांत फुफ्फुसात उतरतात. बीजाणू गिळतात, तंतूला वेढा घालून त्यावर जहाल रसायने सोडतात, प्रसंगी स्वतः फुटून आपल्या गुणसूत्रांच्या धाग्यांचे जाळे त्यावर टाकतात.

२) मोनोसाइट. शंभरात दोन ते दहा. संख्येने थोड्या, पण कर्तबगार. फुफ्फुसात उतरल्यावर त्या रूप बदलतात. स्वतः बीजाणू मारतात, आणि त्याचे तुकडे जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन लिम्फोसाइटना 'शत्रू असा दिसतो' हे दाखवितात. २०१४ साली अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. उंदरांच्या रक्तातील या पेशी काढून टाकल्यावर त्यांना ॲस्परजिलसची बाधा आवरेना. विशेष म्हणजे न्यूट्रोफिल फुफ्फुसात आलेल्या होत्या. पण मोनोसाइटच्या अभावी त्यांची मारण्याची क्षमता घटली होती. म्हणजे मोनोसाइट स्वतः लढतात, शिवाय दुसऱ्यांना लढते ठेवतात.

३) लिम्फोसाइट. या हिशेब ठेवणाऱ्या पेशी. एकदा ओळखलेला शत्रू लक्षात ठेवतात आणि इतर पेशींना हुकूम देतात.

४) इओसिनोफिल. शंभरात एक ते सहा. ॲलर्जी आणि जंत यांत वाढतात. बुरशीच्या एका वेगळ्या आजारात यांचे महत्त्व आहे. ते पुढे येईल.

येथे एक छोटा गुणाकार शिकून ठेवावा. एकूण पांढऱ्या पेशी ६,००० आणि न्यूट्रोफिल ६० टक्के असतील, तर प्रत्यक्ष न्यूट्रोफिल ३,६०० झाल्या. हे ठीक. परंतु एकूण ९०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के, तर हातात फक्त २७० उरल्या. ५०० च्या खाली हा आकडा गेला की डॉक्टर सावध होतात. टक्केवारी एकटी पाहून अंदाज करू नये. बँकेत जसा नुसता व्याजदर पाहून भागत नाही, मुद्दलही पाहावे लागते, तसेच हे आहे.

पेशी खातात हे कोणी पाहिले?

रक्तातील पेशी रोगजंतूला खाऊन टाकतात, ही कल्पना मांडणारे शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ. १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात एक काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी जमलेली. पुढे १८८४ साली त्यांनी आणखी महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. पाण्यातल्या पिसवेएवढ्या डॅफ्निया नावाच्या जिवाला एक बुरशी होते. तिचे सुईसारखे बीजाणू आतड्यातून अंगात घुसतात. मेचनिकॉफ यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले की, फिरत्या पेशी त्या बीजाणूला वेढतात आणि विरघळवून टाकतात. पेशींनी वेळेत गाठले तर तो जीव वाचतो. बीजाणूला अंकुर फुटला तर मरतो. म्हणजे भक्षक पेशी आणि रोगकारक जीव यांची जी लढाई त्यांनी प्रथम तपशिलाने वर्णिली, ती बुरशीविरुद्धचीच होती. या कार्याबद्दल १९०८ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल अर्लिक यांच्यासमवेत मिळाले.

या गोष्टीचा महाराष्ट्राशी धागा आहे. मेचनिकॉफ यांचे ओडेसा येथील विद्यार्थी वाल्देमार हाफकिन १८९६ च्या प्लेगमध्ये मुंबईस आले. प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने आहे. त्याच परळमध्ये, के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात, राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे. पांढऱ्या पेशींच्या जन्मजात दोषांचे निदान तेथे होते. गुरूने जे पाहिले, त्याचीच तपासणी आज शिष्याच्या नावाच्या संस्थेशेजारी होत आहे.

पहारा कोठे ढिला पडतो?

आतापर्यंतच्या माहितीचे सार काढावयाचे तर रक्तातील पहाऱ्याबद्दल तीन प्रश्न विचारावेत. पेशींची संख्या पुरेशी आहे काय? त्यांच्यात ताकद आहे काय? आणि त्या जागेवर पोचतात काय? या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर 'नाही' आले, की तोच रोजचा निरुपद्रवी बीजाणू जीवघेणा ठरू शकतो.

संख्या. रक्ताच्या कर्करोगात आणि त्यावरील केमोथेरपीत मज्जेचे काम मंदावते. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली जातात आणि कधी कधी दोन-तीन आठवडे तेथेच राहतात. अशा काळात ॲस्परजिलसचे तंतू फुफ्फुसात बिनधास्त पसरतात, रक्तवाहिन्यांत शिरतात. म्हणूनच अशा रुग्णाला ताप आला तर सकाळपर्यंत थांबू नये, असे डॉक्टर बजावून सांगतात. रुग्णाला भेटावयास जाताना कुजकी फुले, मातीच्या कुंड्या नेऊ नयेत, घराचे पाडकाम त्या दिवसांत काढू नये, यामागचे कारणही हेच.

ताकद. काही मुलांच्या रक्तात न्यूट्रोफिल भरपूर असतात, पण त्या बीजाणू गिळूनही मारू शकत नाहीत. प्राणवायूपासून जहाल रसायन बनविणारे त्यांचे यंत्रच जन्मतः सदोष असते. बंदूक आहे, दारूगोळा नाही. या आजाराला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात. तो आनुवंशिक आहे, मुलग्यांत अधिक आढळतो. नात्यात विवाह झालेल्या घरांत त्याचे काही प्रकार मुलींनाही होतात. अशी मुले वारंवार न्यूमोनिया, गळवे, गाठी यांनी आजारी पडतात. कुजलेला पालापाचोळा उपसताना एकदम खूप बीजाणू छातीत गेले, तर जीव धोक्यात येतो. सी.बी.सी. मध्ये त्यांची संख्या ठीकच दिसते. पेशींच्या कामाची वेगळी चाचणी करावी लागते. तीच चाचणी परळच्या वरील संस्थेत होते. घरातील मूल सारखे असे आजारी पडत असेल, तर 'दृष्ट लागली' म्हणून उतारा काढण्याऐवजी बालरोगतज्ज्ञाला हा प्रश्न विचारावा.

ताकद कमी करणारे दुसरे कारण मात्र घरोघर आहे, ते म्हणजे मधुमेह. साखर फार वाढली आणि रक्तात आम्लता आली, की न्यूट्रोफिलची चाल मंदावते, गिळण्याची व मारण्याची शक्ती घटते. त्याच वेळी रक्तातील लोह सुटे होते आणि म्युकर जातीच्या बुरशीला तर लोह म्हणजे खतच. एकीकडे पहारेकरी गुंगीत, दुसरीकडे चोराला शिधा, अशी ती अवस्था होते.

तिसरे कारण स्टेरॉइड. याबाबत एक गोष्ट आम्हांला स्वतःला फार उद्बोधक वाटली. स्टेरॉइड घेणाऱ्याची सी.बी.सी. पाहिली तर न्यूट्रोफिल वाढलेल्या दिसतात. पाहणाऱ्याला वाटावे, फौज वाढली! खरे असे की, एरवी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून संदेशाची वाट पाहणाऱ्या पेशी सुटून प्रवाहात येतात आणि मोजणीत धरल्या जातात. फुफ्फुसात उतरणाऱ्या पेशी मात्र कमी होतात, मोनोसाइट घटतात, महाभक्षक पेशींची मारण्याची क्षमता मंदावते. खातेपुस्तकात शिल्लक वाढलेली, पण गरजेच्या जागी रक्कम पोचत नाही, असा हा प्रकार.

पोच. क्षयरोग बरा झाला तरी कित्येकांच्या फुफ्फुसात पोकळी राहते. तिच्या भिंती जुन्या व्रणांच्या, कडक असतात. तेथे रक्तपुरवठा तुटपुंजा. पेशींची संख्या चांगली, ताकद चांगली, पण पोकळीच्या मधोमध रक्तच जात नाही, तेथे पेशी कशा जातील? अशा पोकळीत ॲस्परजिलस संथपणे वाढते आणि तंतूंचा गोळा तयार होतो. क्ष-किरण चित्रात गोळ्याभोवती हवेची अर्धचंद्राकार कड दिसते. रुग्णाने कूस बदलली की काही वेळा गोळाही हलतो. वर्षानुवर्षे खोकला, वजन घटणे, थकवा आणि बेडक्यातून रक्त ही त्याची लक्षणे. क्षयाचीही नेमकी हीच लक्षणे, आणि घोटाळा येथेच होतो.

आमच्या परिचयातील एक गृहस्थ जिनिंगमध्ये कामाला होते. क्षयाचा पूर्ण औषधोपचार घेऊन ते बरे झाले होते. तीन वर्षांनी खोकल्यातून रक्त पडू लागले. बेडक्याची तपासणी न करताच त्यांना पुन्हा क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या घेत सहा महिने गेले, रोजी बुडाली, बायकोचे मंगळसूत्र गहाण पडले आणि रक्त थांबले नाही. अखेर मोठ्या दवाखान्यात बेडका तपासला; क्षयाचे जंतू नव्हते. सी.टी. स्कॅनमध्ये पोकळीतील गोळा दिसला. बुरशीवरील गोळ्या अनेक महिने घेऊन त्यांना आराम पडला. असे रुग्ण आपल्या भागात आणखीही असावेत, कारण क्षयाचे जुने रुग्ण आपल्या वस्त्यांत पुष्कळ आहेत. क्षय झालेला माणूस पुन्हा खोकू लागला म्हणजे तो पुन्हा क्षयच, असे गृहीत धरू नये, एवढे जरी या लेखातून वाचकांच्या लक्षात राहिले तरी पुरे.

फौज अति झाली तर?

पहारा ढिला पडणे वाईट, तसा तो अति चढणेही वाईट. दम्याच्या काही रुग्णांत ॲस्परजिलस श्वासनलिकेतील चिकट्यात मुक्काम करते. ते ऊतीत घुसत नाही. पण शरीर त्याच्या विरुद्ध भडकून उठते. इओसिनोफिल मोठ्या संख्येने रक्तातून येतात आणि श्वासनलिकेलाच इजा करतात. दमा आटोक्यात येत नाही, खोकल्यातून तपकिरी घट्ट खडे पडतात. यालाही आपल्याकडे अनेकदा क्षय समजले जाते. गंमत अशी की, यावर उपचार म्हणून डॉक्टर स्टेरॉइडच देतात, कारण येथे फौजेला आवर घालावयाचा असतो. जे औषध एका रुग्णात बुरशीला दार उघडून देते, तेच दुसऱ्याला तारते. म्हणूनच शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची गोळी आपण घेणे हे अतिशय धोक्याचे.

आणखी एक अपवाद सांगितला पाहिजे. क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी कबुतरांच्या वाळक्या विष्ठेत वाढते आणि श्वासातून फुफ्फुसात जाते. तिला गिळलेली पेशी तिला मारू शकली नाही, तर तीच पेशी तिला आपल्या पोटात घेऊन रक्तातून मेंदूपर्यंत नेऊ शकते. पहारेकऱ्याच्याच खांद्यावर बसून चोराने वाड्यात शिरावे, तसे हे. एच.आय.व्ही. बाधितांमध्ये हुकूम देणाऱ्या लिम्फोसाइट घटल्यामुळे हा धोका वाढतो. नियमित ए.आर.टी. औषधांनी त्या पेशी पुन्हा वाढतात, म्हणून ती औषधे एक दिवसही चुकवू नयेत.

२०२१ मध्ये नेमके काय घडले?

आता आरंभीच्या 'काळ्या बुरशी'कडे येऊ. तिचे खरे नाव म्युकरमायकोसिस. ती कोरोनाच्या रुग्णांत बहुतेक वेळा नाक, सायनस, डोळा व जबडा येथे झाली. काहींत फुफ्फुसातही झाली. बुरशी स्वतः काळी नसते. तिचे तंतू रक्तवाहिनीत शिरतात, तेथे गुठळी होते, रक्त बंद पडते आणि मेलेला भाग काळा पडतो. रक्त बंद म्हणजे पेशी बंद आणि औषधही बंद. त्यामुळेच अनेक रुग्णांत नुसत्या इंजेक्शनने भागले नाही. मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढावा लागला, कित्येकांचा डोळा वा जबडा गेला.

जुलै २०२१ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते आणि चार हजारांहून अधिक मृत्यू झाले होते. ९ हजारांहून अधिक रुग्ण एकट्या महाराष्ट्रात, देशात सर्वाधिक. त्या वेळी राज्याचे आरोग्यमंत्री आपल्याच जिल्ह्यातील श्री. राजेश टोपे होते. मे २०२१ मध्ये या रोगाचे उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून मोफत देण्याची घोषणा त्यांनी केली. ॲम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनचा मोठा तुटवडा पडला. मे अखेरीस वर्धा येथेही त्याचे उत्पादन सुरू करण्यात आले. नातेवाइकांनी कुप्यांसाठी केलेली वणवण वाचक विसरले नसतील.

हे का घडले, ते वरील तीन प्रश्न लावून पाहिल्यास कळते. रुग्णांपैकी बहुतेकांना मधुमेह होता. काहींना तो असल्याचे तेव्हाच कळले. त्यात कोरोनाने साखर वाढली. त्यावर स्टेरॉइडने आणखी वाढली आणि पेशी मंदावल्या. येथे स्टेरॉइडला सरसकट दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीने दाखविले की, कृत्रिम श्वासावरील रुग्णांत डेक्सामेथासोनमुळे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने आणि प्राणवायू लागणाऱ्यांत सुमारे एक-पंचमांशाने घटले. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता, त्यांना मात्र फायदा दिसला नाही. डोस होता रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. आपल्याकडे मात्र घरी बसलेल्या, प्राणवायूची गरज नसलेल्या रुग्णांनीही या गोळ्या आठवडेच्या आठवडे घेतल्या, साखर न तपासता घेतल्या. औषध चांगले, पण ज्याला हवे त्याला, हवे तेवढे आणि हवे तितकेच दिवस, ही शिस्त पाळली गेली नाही.

आणि ही सवय कोरोनाबरोबर गेलेली नाही. गुडघेदुखीवर 'हमखास गुणाची पुडी', अंग भरण्यासाठी 'ताकदीची गोळी', दम्यावर 'बिननावाचे चूर्ण', यांत कित्येकदा स्टेरॉइडच असते. दोन दिवसांत गुण येतो, भूक वाढते, चेहरा भरतो, आणि आत पहारा ढिला होत जातो.

आपण काय करावे?

१) चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तातील साखर तपासावी. मधुमेह असल्यास औषध नियमित घ्यावे. बुरशीविरुद्ध आपल्या हातातील हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

२) कोणतीही पुडी वा गोळी घेताना तिचे नाव विचारावे आणि चिठ्ठी जपून ठेवावी. नाव न सांगणाऱ्याकडून औषध घेऊ नये. परंतु डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड किंवा दम्याचा पंप हा लेख वाचून एकाएकी बंद करू नये. तसे करणेही जिवावर बेतते.

३) क्षय होऊन गेलेल्या माणसाला पुन्हा खोकला, रक्त वा वजनघट झाल्यास प्रथम बेडक्याची क्षयासाठी तपासणी करावी, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. जंतू न सापडल्यास 'बुरशी असू शकेल काय?' हा प्रश्न डॉक्टरांना नम्रपणे, पण जरूर विचारावा. रक्त जास्त पडल्यास मात्र वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

४) कुटार, सरकी, कुजलेला कडबा, शेणखत हाताळताना वाऱ्याकडे पाठ करावी, शक्य तेथे माल हलका ओलावून घ्यावा. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो. बारीक बीजाणू पूर्ण अडवत नाही. मधुमेही, जुने क्षयरोगी, केमोथेरपी घेणारे यांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावे, निदान एन-९५ मास्क लावावा.

५) बुरशीच्या रुग्णाला वाळीत टाकल्यासारखे वागवू नये. ॲस्परजिलस वा म्युकर एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला होत नाही. त्याच्या ताटात जेवल्याने, त्याच्याजवळ बसल्याने काही होत नाही.

६) रक्ततपासणीचे सर्व कागद तारीखवार एका फाईलमध्ये लावावेत. जिल्हा सामान्य रुग्णालयातून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जावे लागले, तर जुने आकडे पाहून तेथील डॉक्टरांचा वेळ वाचतो, आणि रुग्णाचाही.

शेवटी विद्यार्थी मित्रांस एक विनंती. २०२४ साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. आपल्यातील काही मुले-मुली तेथे शिकतील, काही प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतील. बेडक्याच्या काचपट्टीवर पोटॅशचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे काम दिसावयास साधे आहे. परंतु आखूड कोनात फुटणारा बारीक, गाठीगाठींचा ॲस्परजिलसचा तंतू आणि फितीसारखा रुंद, काटकोनात फाटे फुटणारा म्युकरचा तंतू, यांतील फरक ज्याच्या नजरेला कळतो, तो रुग्णाला योग्य औषधापर्यंत आठवडाभर आधी पोचवू शकतो. कारण दोघांची औषधे वेगळी आहेत. अशी नजर असलेली माणसे आपल्या जिल्ह्यात फार हवी आहेत. आणि जे या क्षेत्रात जाणार नाहीत, त्यांनी आपल्या आईवडिलांचा रक्ततपासणीचा कागद आज संध्याकाळी घेऊन बसावे, तो गुणाकार करून पाहावा, आणि घरात कोणती पुडी चालू आहे तेवढे विचारावे.